खालच्या दरवाजाची नालवाली

नालवाली मावशीचे पुढचे तीन दात नव्हते. कुणी विचारलंच तर ती सरळ सांगायची, "दोन घोड्यानं पाडले, एक नवऱ्यानं. घोड्यानं पाडले त्यात चूक माझी होती."

मी किल्ल्याच्या तिकीट खिडकीवर नोकरीला होतो. सव्वीस वर्षं त्या एका खिडकीत काढली. आमचं गाव डोंगरावरचं, थंड हवेचं. लोक हवा खायला यायचे आणि आलोच आहोत तर किल्लाही बघून घेऊ म्हणायचे. गाड्यांचा रस्ता खालच्या दरवाजासमोरच्या चौकात संपायचा. तिथून पुढं वरपर्यंत दगडी फरसबंदीची चढण, वाटेत आणखी दोन दरवाजे, सैनिकांच्या पडक्या खोल्या, दारूचं कोठार, सात तोफा, आणि शेवटी कड्याचं टोक. सकाळी धुकं नसेल तर त्या टोकावरून खालची नदी उगमापासून वळणावळणानं पार पलीकडच्या खिंडीपर्यंत दिसते. चालवत नसेल त्यानं घोडा करायचा, गाडीला वर मनाई. मोसमात साठेक घोडी असायची, आणि त्या फरसबंदीवर नाल तीन आठवड्यांत झिजून कागद होते. त्यामुळं गावातला प्रत्येक घोडा फिरून फिरून मावशीच्याच हाताखाली यायचा.

तिचं दुकान माझ्या खिडकीपासून वीस पावलांवर. तीन बाजूंनी दगडी भिंत, वर पत्रा, पुढून उघडं. आत भट्टी, ऐरण, बसायला एक बाक आणि कोपऱ्यात गवताचा ढीग. माझं खांद्यापासून वरचंच अंग तिला दिसायचं म्हणून तिनं माझं नाव खिडक्या ठेवलं होतं. "तुला पाय आहेत का रे, खिडक्या? असले तर जरा ये, हे घोडं धर."

ती लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. नवरा नालबंद. हाताचा कसबी आणि हाताचाच वाईट. घोड्याच्या खुरावर गरम नाल टेकवताना त्याचा हात लोण्यासारखा चालायचा आणि घरात शिरला की तोच हात दगड व्हायचा. बायको त्याला दुकानात फक्त घोड्याचा पाय धरायला हवी असायची. पाय धरता धरता तिनं सगळं पाहून ठेवलं. खूर कितपत तासायचा, खिळा कुठल्या कोनात ठोकला की बाहेर येतो आणि कुठल्या कोनात ठोकला की मांसात जातो, तेही.

एका सकाळी एका तरण्या घोड्यानं नवऱ्याच्या कमरेत लाथ घातली. मणका गेला. त्यानंतर तो चार वर्षं खाटेवर होता. घरात दोन वर्षांची मुलगी. तिसऱ्या दिवशी मावशीनं भट्टी पेटवली. घोडेवाल्यांचा म्होरक्या होता, सगळे त्याला थोरला म्हणायचे. तो दारात येऊन म्हणाला, "बाईच्या हाताखाली घोडा लंगडा होईल."

मावशी म्हणाली, "झाला तर उद्यापासून मला खोगीर घाल."

घोडा लंगडा झाला नाही. थोरल्यानं मग आपली सगळी घोडी तिच्याकडेच आणली.

नवऱ्याचे पाय गेले होते, हात शाबूत होते. खाटेशेजारी काठी ठेवायचा आणि जेवण द्यायला वाकली की पाठीत घालायचा. एकदा ती काठी मुलीला लागली. त्या दिवशी मावशीनं काठी हातातून हिसकावली, गुडघ्यावर मोडली आणि दोन्ही तुकडे त्याच्या डोळ्यांदेखत चुलीत सारले. मग त्याला रोजच्यासारखं जेवू घातलं. तो गेला तेव्हा ती रडली नाही. मला एकदा म्हणाली, "मी त्याला मारलं नाही, खिडक्या. हात एकदाही उचलला नाही. मनात मात्र रोज मारलं."

मुलगी मोठी झाली आणि तिनं स्वतःच्या पसंतीनं एका टॅक्सीवाल्याशी लग्न केलं. जावई चांगला होता. हसरा, बोलका. प्रवाशांना चौकात उतरवलं की आधी सासूच्या दुकानात डोकवायचा. "सासूबाई, चहा पाठवू का?" ती म्हणायची, "पाठव, पण कप पुसून." दोघांचं बरं जमायचं. मावशीच्या तोंडून कुणाचं कौतुक निघणं म्हणजे दगडाला पाझर, पण जावयाबद्दल ती एकदा म्हणाली होती, "आवाज चढवत नाही घरात. मी दाराबाहेर उभं राहून ऐकलंय."

मग गावच्या कचेरीनं ठरवलं, की मोसमात टॅक्सीला मधल्या दरवाजापर्यंत सोडायचं. प्रवाशांची सोय. टॅक्सीवाले खूश झाले आणि घोडेवाल्यांच्या पोटावर पाय आला. आधी नुसत्या शिव्या झाल्या. मग कुणीतरी एका गाडीचा आरसा फोडला. दुसऱ्या दिवशी एका घोड्याच्या डोळ्यावर लोखंडी कांब बसली, डोळा गेला. त्यानंतर चौकात दोन्हीकडची माणसं समोरासमोर उभी राहायला लागली. मधून प्रवासी छत्र्या, कॅमेरे सांभाळत जायचे. त्यांना वाटायचं इथं रोज असंच असतं.

शनिवारी सकाळी खालच्या दरवाजाच्या वरच्या वळणावर अकरा टॅक्सींची चाकं फुटली. रस्ताभर खिळे पसरले होते. एक गाडी घसरून कठड्यावर आदळली, आतल्या प्रवासी बाईच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. गाडी आणखी हातभर गेली असती तर सगळे दरीत गेले असते. खिळे साधे नव्हते. चपट्या अंगाचे, चौकोनी डोक्याचे, नाल ठोकायचे. आणि गावात ते खिळे एकाच दुकानात असायचे.

खिळे कुणी नेले ते मावशीला माहीत होतं. हे तिनं मला फार नंतर सांगितलं. शुक्रवारी थोरला तिच्या दुकानात बराच वेळ बसला होता, आणि उठला तेव्हा त्याच्या कोटाचे खिसे खाली ओढल्यासारखे लोंबत होते. तिनं पाहिलं आणि ती गप्प बसली. तीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यात तिला वाटलं, हा गाड्यांच्या अड्ड्यावर एखाददुसरं चाक फोडेल, फार तर दोन. वळणावर टाकेल असं वाटलं नाही.

रविवारी दुपारी चौक माणसांनी फुलला होता. थोरल्याच्या घोडीवर बसून एक वयस्कर बाई वर निघाली होती, नवरा सोबत पायी. हा नवरा शाळामास्तर होता, नुकताच निवृत्त झालेला. डोक्यावर हॅट आणि हातात किल्ल्याच्या इतिहासाचं छोटं पुस्तक. शंभर पावलांवर घोडीची मागची नाल निघाली. थोरला घोडी घेऊन मावशीकडे परत आला, बाईला बाकावर बसवलं, घोडी कडीला बांधली आणि "आलोच" म्हणून चहाला गेला. त्याला कुणीतरी काहीतरी कळवलं होतं की तो खरंच चहालाच गेला, देव जाणे.

मावशीनं नाल भट्टीत घातली आणि घोडीचा मागचा पाय मांडीवर घेऊन खूर तासायला सुरुवात केली. मास्तर पुस्तक उघडून तिच्याजवळ गेले.

"बाई, शत्रू याच दरवाजानं आत शिरला ना?"

"मला काय माहीत, त्या दिवशी दुकान बंद होतं."

मास्तरांची बायको हसली. मला खिडकीतून ते हसणं ऐकू आलं, आणि त्याच वेळी चौकाच्या खालच्या अंगानं टॅक्सीवाले येताना दिसले. चाळीस तरी असतील. कुणाच्या हातात जॅकचा दांडा, कुणाच्या हातात चाकाचा पाना. पुढं त्यांच्या संघटनेचा अध्यक्ष. त्याचा आवाज असा, की त्याला सगळे भोंगा म्हणायचे. तिसऱ्या रांगेत मावशीचा जावई. तो हसत नव्हता.

मी खिडकीची फळी खाली ओढली. हे सांगताना आजही मान खाली जाते, पण सांगितलं पाहिजे. पुढचं सगळं मी फळीच्या फटीतून पाहिलं.

भोंगा दुकानासमोर उभा राहिला. "खिळे कुणाला दिलेस?"

मावशीनं मान वर केली नाही. "पाय खाली ठेवू दे. मग बोल."

"खिळे कुणाला दिलेस ते सांग!"

"घोडी बिथरेल. मागं हो."

त्यानं खिळ्यांच्या डब्याला लाथ घातली. डबा भिंतीवर आपटला आणि खिळे फरशीवर उधळले. मागून कुणीतरी पाना फेकला, तो घोडीच्या बरगडीवर बसला. घोडी खिंकाळली, तिनं मावशीच्या मांडीवरचा पाय ओढून घेतला आणि दोन्ही पाय मागं झाडले. एका ड्रायव्हरचा गुडघा उलटा फिरला. तो आवाज माझ्यापर्यंत आला, ओली फांदी मोडावी तसा.

मग कुणाला काही सांगायचं उरलं नाही. ते घोडीवर तुटून पडले. ती कडीला बांधलेली, पळणार कुठं? दांडे तिच्या पाठीवर, तोंडावर, गुडघ्यांवर पडत होते. ती खाली बसायची, पुन्हा उठायची. मारणाऱ्यांत जावई होता. मी त्याचा हात दोनदा वर जाताना पाहिला, तिसऱ्यांदा पाहिलं नाही. मास्तर "अहो, मुकं जनावर आहे!" असं ओरडत मध्ये गेले. त्यांच्या हॅटवरच दांडा बसला आणि ते भिंतीला टेकून सावकाश खाली घसरले. त्यांच्या बायकोनं त्यांचं डोकं छातीशी धरलं. पदर क्षणात लाल झाला.

मावशीनं खूर तासायच्या चाकूनं घोडीची दोरी कापली. घोडी माणसांवरून उडी घेऊन चौकात गेली. प्रवाशांची दाणादाण उडाली, आयांनी मुलं उचलली, फुगेवाल्याचे सगळे फुगे वर गेले. घोडी फरसबंदीवरून वर पळाली, तीन नालांवर.

घोडी गेली आणि सगळा राग मावशीवर वळला. भोंग्यानं तिच्या तोंडात मारली. ती ऐरणीवर पडली, उठली, तर कुणीतरी पाठीत लाथ घातली. ती पुन्हा उठली. पन्नाशीची बाई, पण तीस वर्षं घोड्यांचे पाय मांडीवर पेललेली. तिनं हातोडा उचलला आणि जो पुढं आला त्याच्या मनगटावर घातला. तो किंचाळत मागं गेला. मग कुणीतरी डबडं रिकामं केलं. पेट्रोलचा वास माझ्या खिडकीपर्यंत आला. गवताचा ढीग एकदम पेटला, धप्पकन, आणि पत्रा तडतडायला लागला.

मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला दोघा ड्रायव्हरांनीच बाहेर ओढलं. हेही खरं आहे. मारणारे तेच, ओढणारे तेच.

मावशी आतच होती. ती भट्टीपाशी आपली हत्यारं गोळा करत होती. अशा वेळी माणूस काय वाचवायला धावेल याचा नेम नसतो. जावई दांडा टाकून आत शिरला. त्यानं तिला मागून दोन्ही दंडांना धरलं आणि ओढायला लागला. "सासूबाई, चला! चला बाहेर!" असं तो ओरडत होता. मी ऐकलं. तिनं ऐकलं की नाही ते मला ठाऊक नाही. पत्र्याचा आवाज होता, आगीचा होता, आणि तिच्या कानावर आधीच एक दणका बसला होता. तिनं मान वळवून पाहिलं, कोण आहे ते पाहिलं. सांडशीत भट्टीतली नाल होती, घोडीला ठोकायची, लालभडक. तिनं ती त्याच्या गालावर दाबली.

तो ओरडला तसं माणूस ओरडलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. सगळा जमाव एकदम थांबला. भोंगासुद्धा. दोघं कसे बाहेर आले, कुणी कुणाला ओढलं, ते धुरात मला दिसलं नाही. बाहेर आला तेव्हा तो गुडघ्यांवर होता, तोंड दोन्ही हातांत, आणि ती त्याच्यापासून दोन हातांवर बसली होती. सांडशी अजून हातात. नाल कुठंतरी पडली होती.

पोलीस आले, रुग्णवाहिका आली. मी फळी वर केली.

घोडी मधल्या दरवाजाच्या पायऱ्यांवर सापडली. पुढचा पाय गुडघ्याखाली मोडून लोंबत होता. जनावरांच्या डॉक्टरला यायला वेळ होता, म्हणून पोलिसांनी गोळी घालायचं ठरवलं. मावशीला दवाखान्यात न्यायचं होतं, पण ती ऐकेना. "माझ्याकडे बांधली होती," एवढंच म्हणाली. त्यांनी तिला वर नेलं. मीही मागं गेलो. ती घोडीच्या डोक्याशी बसली, तळहातानं तिचा डोळा झाकला आणि पोलिसाला म्हणाली, "कानामागं. नीट टेकव. एकात झालं पाहिजे." एकात झालं. तिच्या बाहीवर, मानेवर रक्त उडालं. तिनं ते पुसलं नाही. वर कड्याच्या टोकावर प्रवाशांची एक टोळी फोटो काढत होती. गोळीचा आवाज ऐकून त्यांच्यातल्या एकानं खाली ओरडून विचारलं, "इथं तोफ उडवतात का हो?"

खटला दीड वर्ष चालला. मास्तर वाचले, पण डाव्या हातातली ताकद गेली. साक्षीला आले तेव्हा बायकोनं त्यांना पेन धरून सही करायला मदत केली. जावयाचा एक डोळा कसाबसा वाचला, त्या बाजूचा कान गेला. गालावर नालेचा अर्धा वाकडा वण, खिळ्यांच्या भोकांसकट.

कोर्टाच्या आवारात मुलगी आईसमोर आली. सगळ्यांदेखत तिनं आईच्या थोबाडीत मारली. "तुला काढायला आला होता तो! तुला वाचवायला!" मावशी हलली नाही. मुलगी रडत रडत परत मारायला गेली, तेव्हा मीच मध्ये पडलो.

मला वकिलानं विचारलं, "आरोपी बाई आगीत असताना जावई तिला मारत होता की बाहेर ओढत होता?" मावशी समोर बसली होती. मला माहीत होतं, मी "मारत होता" म्हटलं तर ती सुटते. मी म्हणालो, "आधी त्यानं घोडीला मारलं. मग हातातला दांडा टाकून तो सासूला बाहेर ओढत होता."

भोंग्याला आणि आणखी सहा जणांना शिक्षा झाली. जावयालाही घोडीबद्दल आणि दंगलीबद्दल काही महिने. मावशीला एक वर्ष. तिला नेत होते तेव्हा ती माझ्यापाशी क्षणभर थांबली.

"खिडक्या, खरं बोललास."

पोलिसानं तिला पुढं चालायला खुणावलं.

"आता येऊन चहा पी असं म्हणणार नाही मी तुला," ती म्हणाली. "पण खरं बोललास."

ती सुटून आली तोवर टॅक्सी बारा महिने मधल्या दरवाजापर्यंत जायला लागल्या होत्या. घोडी वीसच उरली होती. ती मागच्या अंगाच्या पायवाटेनं प्रवाशांना टोकापर्यंत नेत. दुकानाच्या जागी आता गाड्या उभ्या राहायच्या. मावशीनं पायवाटेच्या तोंडाशी एका झाडाखाली ऐरण आणि भट्टीचा भाता मांडला.

तिसऱ्याच दिवशी थोरला नवीन तट्टू घेऊन आला. म्हातारा झाला होता. इतक्या महिन्यांत तो ना कोर्टात आला होता ना तुरुंगात भेटायला. मावशी म्हणाली, "खिळे तू नेलेस."

तो खाली बघत म्हणाला, "नेले."

तिनं खूर घासायची कानस उचलली आणि आडवी त्याच्या गळ्याखाली घातली. हाड मोडलं. तो मटकन खाली बसला. "त्या प्रवासी बाईचंही हेच मोडलं होतं," ती म्हणाली. आम्ही दोघांतिघांनी त्याला उठवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? तो म्हणाला, घोड्यावरून पडलो. परत येऊन पाहिलं तर मावशीनं त्याच्या तट्टाला चारही नाला ठोकल्या होत्या आणि ते झाडाला बांधून ठेवलं होतं, खायला घालून.

मला वाटलं होतं ती आता माझ्याशी बोलणार नाही. दोन वर्षं बोलली नाहीच. मग एका सकाळी एक तरणं घोडं तिला आवरेना, तेव्हा तिनं ओरडून विचारलं, "अहो तिकीटवाले, पाय आहेत का तुम्हाला?" खिडक्या नव्हे, अहो. मी जाऊन घोडं धरलं.

मुलगी वर्षातून एकदा येते, नातीला घेऊन. नात आता सात वर्षांची आहे. आजीजवळ बसून खुराच्या तासलेल्या चकत्या गोळा करते. जावई खाली गाडीत बसून राहतो, काच वर करून. आता आवाज चढवतो का, कुणास ठाऊक, मुलगी त्याबद्दल बोलत नाही आणि मावशी विचारत नाही. गेल्या खेपेला मी तिला म्हणालो, "मावशी, चार पावलं जाऊन बोल त्याच्याशी. तो तुला काढायलाच आला होता."

ती घोड्याचा पाय मांडीवर घेऊन बसली होती. बराच वेळ तिनं खूर तासला.

"ते मला ठाऊक आहे रे," ती म्हणाली. "तेव्हाही ठाऊक होतं."

मग तिनं पाय बदलून घेतला आणि नातीला भात्यापासून लांब बसायला सांगितलं.